तीन टाचणं काढू नका, ताई

‘सर, नाशिकमधल्या सातपूरच्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. पट 42. वर्गातला एक मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण वाचायला उभा केला की घामाघूम होतो. पहिलीच्या पुस्तकातला उतारासुद्धा त्याला वाचता येत नाही. एका मुलीला श्रवणयंत्र आहे. पाचसहा मुलांच्या घरी भोजपुरी बोलतात, तिघांच्या घरी अहिराणी. आणि चार जण असे, की मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. प्रशिक्षणात सांगितलं, ‘विभेदित अध्यापन करा,’ म्हणजे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे शिकवा. मुख्याध्यापक म्हणतात, अ-ब-क गट पाडा आणि तक्ता भिंतीवर लावा. मी रोज तीन टाचणं, म्हणजे पाठाचे तीन वेगळे आराखडे, काढू का? पेपरही वेगवेगळे काढायचे का? त्यात गेल्या आठवड्यात एक वडील येऊन म्हणाले, “तुम्ही ढ मुलांपायी आमच्या मुलाला ताटकळत ठेवता.” मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगा, हे एका बाईला जमण्यासारखं आहे का?’
– एक शिक्षिका, सातपूर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. रोज तीन टाचणं काढणं कुणालाच जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. पंधरा दिवस नेटाने कराल. मग ‘आजच भरून पाठवा’ म्हणून एखादी ऑनलाइन माहिती येईल, मतदारयादीचं काम येईल, आणि एखाद्या सोमवारी तुम्ही दमून सगळ्या वर्गाला फळ्यावर एकच गणित देऊन मोकळ्या व्हाल. तुमच्या दमण्यापेक्षाही मला भीती वेगळीच आहे. तीन टाचणं काढली की एका वर्गात तीन शाळा भरतात. ‘क’ गटाला जूनपासून एप्रिलपर्यंत बेरीज-वजाबाकीच मिळते, भागाकार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि वर्ष संपताना आपण शेरा मारतो की यांना भागाकार येत नाही.

टाचण एकच काढा. उद्दिष्टही एकच लिहा, सगळ्या 42 जणांसाठी. फक्त समासात दोन ओळी वाढवा. जो अडकेल त्याच्या हातात काय देणार, आणि जो लवकर संपवेल त्याला पुढे काय विचारणार. प्रशिक्षणात ज्याला जड नाव दिलं होतं, ते बरंचसं या दोन ओळींत बसतं.

चौथीचा भागाकार घेऊ. नाशिकच्या मुलांना द्राक्षं सांगावी लागत नाहीत. फळ्यावर लिहा: ‘72 घड आहेत. एका पेटीत 6 घड बसतात. किती पेट्या लागतील?’ सगळ्यांना हेच. पहिली पाच मिनिटं उत्तर विचारूच नका. जोडीजोडीने बोलू द्या, की इथे नक्की करायचंय काय. ज्यांचं इथेच अडतं त्यांना 24 चिंचोके घ्यायला सांगा आणि सहा-सहाचे ढीग करू द्या. ते जमलं की मग 72. आता 72 चिंचोके मोजत बसायचा कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा, कारण त्या कंटाळ्यातूनच एखादी मुलगी म्हणते, ‘बाई, दहा पेट्यांत साठ गेले, राहिले बारा.’ तिला भागाकार समजला. उभी मांडणी उद्या शिकवता येईल. मधली मुलं चित्र काढून किंवा सहाच्या पाढ्यावरून करतील, त्यांना करू द्या.

राहिले तुमचे ते चौघे. त्यांना ‘आणखी दहा गणितं सोडवा’ म्हणू नका. लवकर संपवण्याची ती शिक्षा होते आणि मुलं शहाणी असतात, पुढच्या वेळी मुद्दाम सावकाश करतात. त्यांना तेच गणित द्या, फक्त घड 75 करा. बहुतेक जण ‘12, बाकी 3’ लिहून वही मिटतील. मग विचारा, ते तीन घड कुठे ठेवायचे? सगळा माल पाठवायचा असेल तर पेट्या लागतील 13. व्यापारी भरलेल्याच पेट्या घेणार असेल तर 12. म्हणजे आकडे तेच आणि उत्तरं दोन. पुढे त्यांनाच सांगा, की असं उदाहरण बनवा ज्यात बाकी 3 टाकूनच द्यावी लागेल. कुणी 75 सेंटीमीटरच्या रिबिनीचे 6 सेंटीमीटरचे तुकडे करेल, कुणी भलतंच काही आणेल. चौथीतल्या हुशार मुलाला पाचवीचं पुस्तक देण्यापेक्षा चौथीच्याच गणितात असं खोल उतरवणं मला जास्त मोलाचं वाटतं. शिवाय त्याला वेगळं टाचण लागत नाही.

शेवटची सातआठ मिनिटं सगळे पुन्हा एकत्र. आधी चिंचोकेवाल्याने सांगायचं, मग चित्रवाल्याने, मग मांडणीवाल्याने, शेवटी 75वाल्यांनी. हा क्रम मुद्दाम ठेवा. पहिलं उत्तर त्या चौघांपैकी कुणी दिलं की बाकीच्यांना बोलायला काही उरतच नाही. आणि चिंचोक्यांचा डबा सगळ्यांच्या हाताला येईल असा मध्ये ठेवा. ठरावीक मुलांच्याच बाकावर गेला, तर दोन दिवसांत त्या डब्यालाही नाव पडतं.

भिंतीवरचा तक्ता मात्र लावू नका. मुख्याध्यापकांना तोडून बोलायची गरज नाही. त्यांना वर कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं असतं, ते तुमच्या नोंदवहीत असू द्या, त्यांनी मागितली की दाखवा. त्यांना एवढंच विचारा, की तोंडी गणितात वर्गाच्या पुढे असलेला आणि वाचनात पहिलीच्या मागे असलेला माझा हा मुलगा अ, ब की क? असं एक अक्षर त्याला बसत नाही. गटांना मोगरा, गुलाब, झेंडू अशी नावं देऊनही काही साधत नाही, दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला ठाऊक असतं की झेंडू म्हणजे कोण.

याचा अर्थ गट करूच नका असा नाही. वाचनासाठी आणि पायाभूत गणितासाठी ते केलेच पाहिजेत, पण तात्पुरते. रोज आठनऊ मुलांना परिपाठानंतर एकेक करून जवळ बोलवा आणि दोन मिनिटं वाचून घ्या. अक्षरं ओळखतो का, सुटे शब्द वाचतो का, छोटा परिच्छेद वाचतो का, आणि गोष्ट वाचून समजते का. आठवड्यात वर्ग होतो. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीमुळे हे टप्पे आपल्या ओळखीचे आहेत. मग रोज एक तासिका वयाचं आणि यत्तेचं भान बाजूला ठेवून त्या टप्प्यावरून शिकवा. तिसरी आणि पाचवीच्या शिक्षकांनी साथ दिली तर तिन्ही वर्गांची मुलं त्या तासापुरती टप्प्याप्रमाणे वाटून घेता येतात, म्हणजे तुमच्या एकटीच्या डोक्यावर चार गट येत नाहीत. महिन्याने पुन्हा वाचून घ्या आणि गट मोडून नव्याने पाडा. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमधल्या ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी केला होता. मागे पडलेल्या मुलांना ती जिथे आहेत तिथून शिकवलं की ती पुढे सरकतात, हे त्यातून दिसलं. याच दोघांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत.

तासिका संपली की गट संपला. परिसर अभ्यासाला सगळे मिसळून बसतील. सुटे शब्द वाचणाऱ्या मुलाला गोदावरी कुठे उगम पावते, गंगापूर धरणाचं पाणी आपल्याकडे कसं येतं हे कळत नाही, असं मुळीच नाही. कदाचित ब्रह्मगिरी त्यानेच पाहिलेला असेल आणि पुस्तक घडाघडा वाचणाऱ्याने पाहिलेला नसेल.

आणखी एक, प्रशिक्षणात तुम्हाला बहुधा हेही सांगितलं असेल की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून, तेव्हा त्यांची प्रश्नावली भरून तसे गट पाडा. त्यात वेळ घालवू नका. 2008 साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेमागच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि त्यांना पुरेसा पुरावा सापडला नाही. चित्र, बोलणं आणि हाताने करणं तिन्ही वर्गात हवं, पण सगळ्यांसाठीच हवं. मूल कसं शिकतं याचा शिक्का मारण्यापेक्षा त्याला आज काय येतं हे बघणं जास्त उपयोगाचं.

आता तो मुलगा. तुम्ही लिहिलंत त्यावरून डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचा, संशय कुणालाही येईल, पण निदान करणं तुमचं काम नाही, माझं तर नाहीच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना त्याचं नाव मुद्दाम सांगा, गर्दीत राहून जाऊ देऊ नका. दरम्यान एका वहीत नोंदी ठेवा: कोणती अक्षरं उलटसुलट होतात, ध आणि घ, भ आणि म यांत गोंधळ होतो का, वेलांटी-उकार गळतात का, जोडाक्षराला थांबतो का, फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते का, आणि सहा महिन्यांपूर्वी काय होतं. विशेष शिक्षक आले की ‘हा वाचत नाही’ या वाक्यापेक्षा ही वही कितीतरी कामाची. ते समग्र शिक्षाच्या साधन केंद्राकडून येतात, केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी करा. तोंडी मागणी हवेत विरते.

डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत आहे, 1995 च्या जुन्या कायद्यात ती नव्हतीच. आठ वर्षांखालच्या मुलाला तिचं प्रमाणपत्र देत नाहीत. तुमचा मुलगा चौथीत आहे, म्हणजे वयाची अडचण नाही. ते मिळालं तर दहावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती घेता येतील. पण हे दूरचं झालं. वर्गात त्याला प्रश्न वाचून दाखवायला, उत्तर तोंडी घ्यायला, मजकूर मोठ्या अक्षरात आणि सुट्या ओळींत द्यायला आजही कुणाच्या सहीची गरज नाही. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू नका. सगळ्यांसमोर त्याला अचानक वाचायला उभं करणं तर उद्यापासूनच बंद करा. त्याचा उतारा त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, घरी दहादा वाचून येऊ दे. आईवडिलांशी बोलताना ‘याला आजार आहे’ असं काही तोंडातून जाऊ देऊ नका. ‘त्याला समजतं सगळं, कागदावरून उचलायला त्रास होतोय, आपण तपासून घेऊ,’ एवढं पुरे.

श्रवणयंत्र असलेल्या मुलीचं बरंच काम तुमच्या उभं राहण्यात आहे. यंत्र आवाज मोठा करतं, पण सगळेच आवाज मोठे करतं, पंख्याचा, बाकाच्या खरखरीचा आणि खिडकीखालून जाणाऱ्या कंपनीच्या बसचाही. तेव्हा खिडकीपासून लांब, दुसऱ्या ओळीत, तिचा चांगला कान तुमच्याकडे येईल अशी बसवा. अगदी पहिल्या ओळीत बसवलं तर मागे कोण बोलतंय हे तिला दिसतच नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओरडायचीही गरज नाही, उलट ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं की तुम्ही ते एकदा पुन्हा म्हणा, हे फार राहून जातं. पान नंबर आणि गृहपाठ फळ्यावर लिहा, त्याचा फायदा बाकीच्या 41 जणांनाही होईल. सकाळी यंत्राची बॅटरी चालू आहे ना, हे तिलाच विचारायची सवय लावा. तिचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघालंय का तेही बघा. नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागेल. हात धरून नेणारं कुणी नसलं की पालक या कामाला वर्षानुवर्षं हात घालत नाहीत.

भोजपुरी आणि अहिराणी मुलांना कच्च्या मुलांत मोजू नका. ‘ती पुस्तक’ म्हणणारा मुलगा चुकत नाहीये, त्याच्या भाषेत नपुंसकलिंगच नाही. ‘आहे’च्या जागी ‘शे’ लिहिणाऱ्याने तर आईचीच बोली कागदावर आणलीय. त्यांना गणिताचं कारण आधी हिंदीत किंवा अहिराणीत सांगू द्या, मग तेच मराठीत म्हणून घ्या. त्यांना मराठी यावी यात दुमत नाही, पण ती भागाकाराच्या तासाला लाल पेनाने येत नाही.

पेपर वेगवेगळे काढू नका. पेपर एकच असू द्या, पण प्रत्येक प्रश्न काय मोजतोय हे स्वतःला विचारा. गणिताच्या चाचणीत वाचन मोजायचं नसेल तर प्रश्न सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवा आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नका. वाचनाच्या चाचणीत मात्र वाचून दाखवू नका, तिथे तो वाचताना अडणारा मुलगा जिथे आहे तिथे आहे, आणि मागच्या महिन्यापेक्षा किती पुढे सरकला ते नोंदवा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय 2010 चा आहे, त्यात आकारिक, म्हणजे शिकवतानाच चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं दिलेलीच आहेत. आपण सवयीने लेखी चाचणी तेवढी वापरतो आणि उरलेले रकाने शेवटच्या आठवड्यात भरतो.

त्या वडिलांचं म्हणणं मला सगळंच चुकीचं वाटत नाही. ‘ढ’ हा शब्द सोडा. त्यांचा मुलगा रोज वीस मिनिटं उत्तर लिहून इकडेतिकडे बघत बसत असेल, तर त्याचा वेळ जातोय हे खरं आहे. हुशार मुलाला शेजारच्याचा कायमचा मास्तर करणं हाही उपाय नव्हे. कधीतरी समजावून सांगणं त्याच्याही फायद्याचं, पण रोज तेच असेल तर तो शिकायला येतोय की शिकवायला, हा प्रश्न वडिलांनी विचारला तर आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून त्यांना परत बोलवा, पण 75 घडांचा धडा झाल्यावर. त्यांच्या मुलाची वही पुढ्यात ठेवा आणि त्यालाच विचारू द्या, ‘बाबा, तीन घड उरले तर पेट्या किती?’ ते 12 म्हणतील. मग मुलगा बोलेल, तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही. पाठोपाठ त्यांना सांगा, की याला दर आठवड्याला असं एक उदाहरण स्वतः तयार करून आणायचं आहे आणि ते सगळ्या वर्गाला सोडवायला देणार आहे. घरी चर्चा करा, पण उत्तर तुम्ही सांगू नका. आणि ते बोलणं वर्गाच्या दारात करू नका, ऑफिसात करा. दारात उभ्या असलेल्या मुलांना ऐकू जातं.